टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचर कुठून काढावी? बजेट १५००

नवा_ठेकेदार: नमस्कार मंडळी, महाटेंडर्सवर (राज्य सरकारचं टेंडर पोर्टल) पहिल्यांदाच टेंडर भरायचंय, डीएससी म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट लागते म्हणे. प्रोप्रायटरशिप आहे, टोकनसकट (सही ज्यात ठेवतात ती यूएसबी) १५०० पर्यंत बसवायचंय, दोन वर्षांची चालेल. आमचे टॅक्सवाले म्हणतात मीच काढून देतो. द्यावं का त्यांच्याकडे?

खडीवाला: सरळ तीन वर्षांची घे, कॉम्बो घे, म्हणजे सही आणि एन्क्रिप्शन (फाइल कुलूपबंद करायचं) दोन्ही. माझे अडीच हजारांच्या वर गेले पण एकदाही अडलं नाही.

सावध_माणूस: टॅक्सवाल्याच्या नादी लागू नका!! आमच्याकडच्याचं टेबल बघा एकदा, ड्रॉवरमध्ये पन्नासेक टोकनं, प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव आणि पिन. शेवटच्या दिवशी साहेब लग्नाला, फोन बंद, टेंडर गेलं.

कागदपत्र_काका: विकतो कोण ते नंतर, आधी देतो कोण ते बघा. आयटी कायदा २००० खाली सीसीए (सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रक कार्यालय) परवाना देतं, ज्याच्याकडे परवाना त्यालाच सर्टिफिकेट देता येतं, उदा. ईमुद्रा, कॅप्रिकॉर्न. बाकी एजंट म्हणजे नुसते मध्यस्थ. यादी सीसीएच्या साइटवर आहे. व्हिडिओ व्हेरिफिकेशन स्वतः द्या. आणि कुणी क्लास २ स्वस्तात देतो म्हणाला तर पळा, २०२१ पासून ती बंद आहे, क्लास ३ च मिळते.

मीपण_बोलतो: खडीवाल्यांना अनुमोदन, तीन वर्षांची घ्या.

फुकट_बरं: पैसे कशाला? आधार ओटीपीने ई-साइन होतं की.

कागदपत्र_काका: अहो ते सर्टिफिकेट ३० मिनिटांचं, एका सहीपुरतं. टेंडर पोर्टलवर लॉगिन करायला टोकनच लागतं.

खडीवाला: आणि कॉम्बोच लागते.

रेल्वेवाला: रेल्वेच्या पोर्टलला लागते, तिथे एन्क्रिप्शनपण हवं. सगळीकडे नाही. त्या त्या पोर्टलच्या सूचना वाचा, उगाच जास्तीचे पैसे घालवायला लावू नका त्याला.

खडीवाला: वाच तू सूचना, मी टेंडर भरतो 😄

सावध_माणूस: एक राहिलं, टोकन फॉरमॅट करू नका कधी. आतली सहीची किल्ली एकदा गेली की गेली, नवीन सर्टिफिकेट काढावं लागतं. आमच्या भाच्याने ड्रायव्हर टाकताना तेच केलं.

नवा_ठेकेदार: सगळ्यांचे आभार. टॅक्सवाल्यांकडूनच काढली, दोन वर्षांची, फक्त सिग्निंग. कंपनी यादीत आहे का ते बघितलं, व्हिडिओ मीच दिला, टोकन हातात आल्या आल्या पिन बदलला. टॅक्सवाले जरा फुगलेत.

खडीवाला: उद्या रेल्वेचं टेंडर निघालं की ये परत.