रामटेकला त्रिपुर मध्यरात्री, मग घरची त्रिपुरवात केव्हा लावायची?

महालकर: यंदा त्रिपुरी पौर्णिमेला साडेसातशे पदरांची त्रिपुरवात घरीच करायची आहे. रामटेकच्या गडावर त्रिपुर, म्हणजे शिखरावरची ज्योत, मध्यरात्री जळतो. घरचीही तेव्हाच लावायची का? जाड वात काजळी धरून मधेच विझते, तिचं काय चुकतं?

गडपायथा: घरी मध्यरात्रीपर्यंत थांबू नका, वेळ प्रदोषाची. कार्तिकात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तिथून साधारण सव्वादोन तास. पौर्णिमा दोन दिवसांवर पसरली असेल तर जिच्या प्रदोषकाळी ती आहे तो दिवस धरा. सकाळची तिथी बघून बरेच जण चुकतात.

गडाची रीत वेगळी. आदल्या दिवशी वैकुंठ चतुर्दशीची शोभायात्रा, पौर्णिमेच्या मध्यरात्री राममंदिराच्या शिखरावर त्रिपुर, आणि त्यात देवाचा पीतांबर. तारकासुराच्या मुलांची तीन पुरं जाळली शंकराने, नि ज्योत पेटते रामाच्या शिखरावर! मला रामटेकचं हेच फार मोलाचं वाटतं. स्थान तर जुनंच: वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा ५व्या शतकातला ऋद्धपूर ताम्रपट 'रामगिरिस्वामीं'च्या पायांशी दिलेला आहे, रामगिरी म्हणजे हेच रामटेक. पण तेवढ्यावरून त्रिपुरही वाकाटकांचा म्हणू नये.

सूतवात: वात विझते कारण मधले पदर कोरडे राहतात. चार बोटं रुंद पुठ्ठ्यावर सुताचे ३७५ वेढे घ्या; पुठ्ठा काढून चपटं केलं की ७५० पदर झाले. वरून एक तृतीयांशावर सैलसर बांधा. करकचून आवळली तर तूप वर चढत नाही, नि सगळे नेमकं तिथंच आवळतात. पातळ तुपात रात्रभर भिजवा. थंडीत तूप थिजतं, म्हणून लावायच्या आधी वाटी कोमट पाण्यात ठेवा आणि शेंड्याला कापराची चिमूट द्या. सूत आधी एक धागा जाळून बघा: राख झाली तर कापूस, गोळी झाली तर पॉलिएस्टर, ते घेऊ नका.

महालकर: पणती नवीन मातीची चालेल?

सूतवात: हो, आधी दोन तास पाण्यात ठेवून पुसून घ्या, नाहीतर तूप पणतीच पिते. खाली वाळूची परात हवी. ज्योत वीतभर उठते, तुळशीचा मांडव जवळ नको. पेट घेतलेल्या तुपावर पाणी अजिबात टाकू नका, वर झाकण ठेवा.