आडवी नळी सैलच हवी
कुत्र्याच्या अडथळा-सरावाचे साहित्य घरी बनवताना, वाऱ्याने पडू नये म्हणून उडीच्या अडथळ्याची आडवी पीव्हीसी नळी खांबांना स्क्रूने घट्ट बसवावी, ही सूचना मला धोक्याची वाटते. कुत्र्याचा पाय लागताच नळी खाली पडली पाहिजे, नाहीतर इजा त्यालाच होते. मालवणच्या आमच्या खळ्यात मी जाड नळीचे अर्धगोल तुकडे खांबांना लावून त्यांवर आडवी नळी नुसती टेकवली आणि वाऱ्यासाठी खांबांच्या बुडाशी जांभ्याचे चिरे ठेवले (ते उतरण्याच्या बाजूला नकोत, हे आमच्या खंड्या कुत्र्याला एकदा ठेच लागल्यावर कळले). कुत्र्याने चालायची फळी घसरडी नसावी, या सूचनेशी मात्र सहमत आहे. फक्त रंग ओला असतानाच तिच्यावर बारीक वाळू भुरभुरावी, आणि ती पुळणीवरची खारी नसावी, कारण मीठ ओल धरते व आमचा रंग पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटला होता.