एकीकृत, एकात्म की एकसंध?

प्रश्न : निसर्गातली सगळी बलं एकाच सिद्धांतात बसवण्याच्या प्रयत्नांबद्दल मुलीला शाळेच्या प्रकल्पात लिहायचं आहे. कुठे 'एकीकृत सिद्धांत' दिसतं, कुठे 'एकात्म', कुठे 'एकसंध'. नेमका शब्द कोणता वापरावा?

उत्तर : 'एकसंध' इथे नको. एकसंध कातळ म्हणतो तेव्हा त्याला कुठे भेग नाही, जोड नाही एवढंच सांगतो. 'एकात्म'ला राष्ट्रीय एकात्मतेचा इतका वास आहे की भौतिकशास्त्र बाजूलाच राहतं.

खरी चर्चा 'एकीकरण'ची. त्यातला 'की' दीर्घ का? संस्कृतात हा च्वि प्रत्यय; तो लागला की आधीच्या शब्दाच्या शेवटचा 'अ' दीर्घ 'ई' होतो. जे आधी तसं नव्हतं, ते तसं करणं. अशुद्ध होतं ते शुद्ध केलं की शुद्धीकरण. जर्मनीत अनेक राज्यं होती, १८७१ मध्ये त्यांचं एक राष्ट्र झालं, म्हणून जर्मनीचं एकीकरण. म्हणजे आधी अनेक असणं हे या शब्दात गृहीतच आहे.

आता १८२० सालचं कोपनहेगन पाहा. ओर्स्टेडनं तारेतून वीज सोडली आणि शेजारच्या होकायंत्राची सुई हलली. प्रवाह तोडला, सुई पुन्हा उत्तरेला. १८३१ मध्ये फॅरडेनं उलट बाजू दाखवली : चुंबक हलवला की वेटोळ्यात वीज. १८६५ मध्ये मॅक्सवेलनं दोन्ही एका समीकरणसंचात मांडली. त्यानं वीज आणि चुंबकत्व यांची मोट बांधली नाही. ती मुळात एकाच गोष्टीची दोन रूपं होती. नववीतला मुलगाही 'विद्युतचुंबकीय' सहज म्हणून जातो, पण केवढा शोध त्या एका समासात मावला आहे!

मग 'एकीकरण' चूक का? नाही. वेगळे होते ते आपले सिद्धांत, आणि एक होतात तेही तेच. म्हणून मी सिद्धांतांचं 'एकीकरण' म्हणते आणि बलांचं 'एकत्व'. निसर्गात तर उलटंच घडलं. ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांच्या मांडणीनुसार (नोबेल १९७९) विद्युतचुंबकीय आणि क्षीण (काही किरणोत्सारी बदलांमागचं बल) ही बलं अतिउष्ण बालविश्वात वेगळी नव्हती. विश्व निवत गेलं तशी ती वेगळी झाली. या मांडणीनं सांगितलेले, क्षीण बल वाहून नेणारे डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडलेही. तरी तिच्यात बलांची तीव्रता ठरवणारे दोन स्वतंत्र स्थिरांक उरतातच, म्हणून प्रबल बलासकट (अणुकेंद्रक बांधून ठेवणारं बल) सगळं एका मुळाशी नेणाऱ्या 'महाएकीकरणा'ची ओढ.

प्रश्न : आणि 'सिद्धांत' म्हणावं की 'उपपत्ती'?

उत्तर : हे विचारलंत, बरं झालं. सिद्ध झाला आहे अंत ज्याचा, तो सिद्धांत. विद्युत-क्षीण मांडणीला तो मान शोभतो. महाएकीकरणाला मी 'उपपत्ती'च म्हणेन, म्हणजे कारणांनिशी मांडलेली पण अजून सिद्ध व्हायची मांडणी. १९७४ मध्ये जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी मांडलेल्या रूपानुसार प्रोटॉनसुद्धा कधीतरी फुटायला हवा. ते पाहायला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ जपानी सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, वैश्विक किरणांचा मारा जवळजवळ पोचत नाही अशा जागी, सुमारे १४० टनांचं शोधयंत्र उभं केलं आणि वाट पाहत राहिले. काही संशयास्पद नोंदी मिळाल्या, पण इतरत्रच्या मोठ्या यंत्रांनी त्यांना दुजोरा दिला नाही. जपानच्या सुपर-कामिओकांडे या भूमिगत शोधयंत्रात ५०,००० टन पाण्यावर नजर ठेवूनही प्रोटॉन फुटताना दिसलेला नाही. त्याचं सरासरी आयुष्य एकावर ३४ शून्यं इतक्या वर्षांहून अधिक असावं, एवढं त्यावरून कळतं. ज्याची वाट अजून पाहिली जाते आहे, त्याला सिद्ध म्हणायची घाई आपल्या भाषेनं करू नये असं मला मनापासून वाटतं.

गुरुत्व तर अजून या पंक्तीत बसलेलंच नाही. आइन्स्टाइन १९५५ मध्ये वारले, तोवर त्याच खटपटीत होते.

प्रकल्पाला 'बलांच्या एकत्वाचा शोध' हे नाव द्या. आत जिथे मॅक्सवेल येईल तिथे 'एकीकरण' खुशाल लिहा, फक्त 'की' दीर्घ काढायला सांगा.