मदत हवी आहे: रिक्वायरमेंट्स फाइलमधली व्हर्जन्स आणि खरोखर इन्स्टॉल असलेली व्हर्जन्स जुळतात का, हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी,

पायथनच्या एका प्रोजेक्टवर काम करतोय. त्याला लागणारी पॅकेजेस आणि त्यांची व्हर्जन्स रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये लिहिलेली आहेत. काल अख्खा दिवस एका एररमागे गेला आणि दोष कोडमध्ये नव्हताच.

झालं असं, की सहकाऱ्याच्या मशीनवर सगळ्या टेस्ट पास होत होत्या आणि माझ्याकडे ‘डेटाफ्रेमला अपेंड नावाचा ॲट्रिब्यूट नाही’ म्हणून आपटत होत्या. ती ओळ कितीतरी दिवस कुणी हातही न लावलेली. कोड पुन्हा पुन्हा वाचला, गिटमध्ये मागे जाऊन जुन्या कमिटवर टेस्ट चालवल्या, तिथेही तेच. संध्याकाळी सहकाऱ्याने विचारलं, ‘तुझ्याकडे पांडाज कुठलं आहे?’ डेटाफ्रेम याच लायब्ररीतून येतं. फाइलमध्ये तिचं व्हर्जन १.५.३ पिन केलेलं (म्हणजे नेमकं तेच हवं असं लिहिलेलं), माझ्याकडे निघालं २.०.३. अपेंड २.० मध्ये काढूनच टाकलंय. मग आठवलं, मध्यंतरी एक वेगळा प्रयोग करताना याच एन्व्हायर्न्मेंटमध्ये (इन्स्टॉल पॅकेजेसचा स्वतंत्र संच) मी पांडाज अपग्रेड केलं होतं.

चूक माझीच. पण पुढच्या वेळी हे टेस्ट सुरू व्हायच्या आधीच कळायला हवं.

पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या पिपचं ‘पिप चेक’ चालवून पाहिलं, तर ‘नो ब्रोकन रिक्वायरमेंट्स फाउंड’. पांडाज २.०.३ असतानाही! मग ‘पिप फ्रीझ’चं आउटपुट (इन्स्टॉल असलेल्या पॅकेजेसची यादी) आणि फाइल यांचा डिफ, म्हणजे ओळीनुसार फरक, काढला. फाइलमध्ये चौदा नावं, फ्रीझमध्ये त्यांना लागणारी इतर पॅकेजेस धरून साठेक. त्यात पायवायएएमएल आमच्या फाइलमध्ये लहान अक्षरांत आणि फ्रीझमध्ये मोठ्या, टायपिंग एक्स्टेन्शन्समध्ये आमच्याकडे हायफन आणि तिकडे अंडरस्कोर. एक ओळ फक्त विंडोजसाठी आहे, ती माझ्या लिनक्सवर कायम गहाळ दिसते. या गर्दीत खरा फरक डोळ्यांनी शोधणं अवघड आहे.

मला एवढंच हवंय, की फाइल वाचावी, इन्स्टॉल असलेल्याशी ताडून पाहावी आणि जुळत नसेल तर तिथेच थांबावं. कुणी असं काही लावलं आहे का?

प्रतिसाद

पिप चेकचा काही दोष नाही, त्याचं काम वेगळं आहे. इन्स्टॉल असलेली पॅकेजेस एकमेकांच्या अटी पाळतात का, एवढंच ते बघतं. तुमची फाइल ते उघडतच नाही. तुमच्या कुठल्याच पॅकेजला पांडाज २ चं वावडं नव्हतं, म्हणून त्याने तक्रार केली नाही.

नुसतं बघायचं असेल तर ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल --ड्राय-रन -आर’ आणि पुढे फाइलचं नाव. काही बदलायची गरज असेल तर शेवटी ‘वुड इन्स्टॉल’ अशी ओळ येते आणि प्रत्यक्षात काहीच इन्स्टॉल होत नाही. यासाठी पिप २२.२ किंवा त्यापुढचं लागेल. सुरुवातीचं ‘पायथन -एम’ गाळू नका. नुसतं पिप लिहिलं तर ते कधी कधी दुसऱ्याच एन्व्हायर्न्मेंटचं निघतं आणि मग तपासणी एकाची, टेस्ट दुसऱ्यावर. फक्त फरक सापडला तरी ही कमांड यशस्वीच संपते, त्यामुळे ती टेस्ट थांबवणार नाही.

थांबवायला छोटी स्क्रिप्ट लिहा. प्रत्येक ओळ ‘पॅकेजिंग’ लायब्ररीच्या रिक्वायरमेंट क्लासला द्या. मार्कर (‘फक्त अमुक सिस्टिमवर’ अशी अट) असेल तर आधी तो इव्हॅल्युएट करा, म्हणजे विंडोजची ओळ लिनक्सवर आपोआप गळते. मग ‘इम्पोर्टलिब मेटाडेटा’कडून इन्स्टॉल असलेलं व्हर्जन घ्या आणि ते स्पेसिफायरमध्ये (फाइलमधल्या व्हर्जनच्या अटीत) बसतं का विचारा. लहान-मोठी अक्षरं, हायफन-अंडरस्कोर हे मेटाडेटाचं मॉड्यूल स्वतः सांभाळतं. एखादं नाव सापडलंच नाही तर एक्सेप्शन येतं, ते पकडून ‘गहाळ’ छापा. कॉमेंट आणि डॅशने सुरू होणाऱ्या ओळी मात्र आधीच वगळा, त्या या क्लासला वाचता येत नाहीत. शेवटी फरक असेल तर एक्झिट कोड १, म्हणजे ‘अयशस्वी’.

धागाकर्ता

मनापासून आभार! स्क्रिप्ट चाळीस ओळींत झाली आणि टेस्टच्या कमांडच्या आधी लावली. पहिल्याच रनमध्ये दोन ओळी आल्या: पांडाज, आणि त्याच्याबरोबर रिक्वेस्ट्ससुद्धा, ज्याचा मला पत्ताच नव्हता.

एक शंका उरली. फाइलमधून काढून टाकलेलं एखादं पॅकेज माझ्याकडे तसंच पडून असेल, तर ते या स्क्रिप्टला दिसणार नाही ना? कोड ते इम्पोर्ट करत राहील, माझ्याकडे चालेल आणि दुसरीकडे पडेल.

प्रतिसाद

बरोबर, ते दिसणार नाही. त्यासाठी ‘पिप-टूल्स’मधलं ‘पिप-सिंक’ बघा. फाइलमध्ये जे नाही ते अनइन्स्टॉल करून एन्व्हायर्न्मेंट फाइलबरहुकूम करतं. पण तुमच्या फाइलमध्ये फक्त चौदा थेट नावं आहेत, तशीच दिलीत तर बाकीची सगळी उडतील. आधी ‘पिप-कंपाइल’ने पूर्ण यादी बनवून घ्या, मगच सिंक करा.