साडेसातव्या मजल्याचा चित्रपट : उत्तरार्धात फसला, की तिथेच खरा सुरू झाला?

खिडकीपाशी (चर्चाप्रस्ताव)

‘बीइंग जॉन माल्कोविच’ हा १९९९ सालचा चित्रपट. दिग्दर्शक स्पाइक जोन्झ यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट आणि चार्ली कॉफमन यांची पडद्यावर आलेली ही पहिलीच पटकथा. दिग्दर्शन, मूळ पटकथा आणि सहायक अभिनेत्री अशी तीन ऑस्कर नामांकने त्याला मिळाली, पारितोषिक मात्र एकही मिळाले नाही. इतकी वर्षे उलटली तरी हा चित्रपट पाहणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट पडतात आणि मधल्या मताचा माणूस मला क्वचितच भेटतो.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. क्रेग हा न्यूयॉर्कमधला बेकार कळसूत्री बाहुलीकार. बायको लॉटी हिच्या आग्रहाखातर तो फायली लावण्याची नोकरी धरतो. ते कार्यालय एका इमारतीच्या सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मधल्या मजल्यावर आहे. तिथे पोहोचण्यासाठी लिफ्ट मध्येच थांबवून दार पहारीने उचकटावे लागते आणि छत इतके ठेंगणे आहे की सगळे कर्मचारी दिवसभर वाकून वावरतात. तिथल्या एका कपाटामागे क्रेगला छोटेसे दार सापडते. त्यातून आत शिरणारा माणूस पंधरा मिनिटे जॉन माल्कोविच या प्रसिद्ध नटाच्या डोक्यात राहतो, त्याच्या डोळ्यांनी जग पाहतो आणि मग न्यू जर्सीच्या महामार्गाकडेला चिखलात धपकन येऊन पडतो. क्रेगची सहकारी मॅक्सीन हिला यात तत्काळ धंदा दिसतो आणि डोईला दोनशे डॉलर घेऊन तिकीटविक्री सुरू होते. माल्कोविचची भूमिका खुद्द माल्कोविच यांनीच केली आहे. पात्राचे मधले नाव तेवढे बदललेले आहे.

इथवरचा भाग बहुतेकांना आवडतो. तक्रार असते ती पुढच्या भागाबद्दल, जिथे क्रेग त्या डोक्यात कायमचा ठाण मांडतो आणि माल्कोविचलाच बाहुलीसारखा नाचवू लागतो. ‘कल्पना भन्नाट होती, पण पुढे भरकटली’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. पूर्वार्धात एक चमत्कार आहे आणि त्याची गंमत आहे. तो चमत्कार माणसांच्या हाती पडल्यावर ती काय करतील याचा हिशेब उत्तरार्धात आहे आणि तो हिशेब लेखकाने कुठेही चुकवलेला नाही. या चित्रपटातल्या एकाही माणसाला त्या दाराचे आश्चर्य पुरते पाच मिनिटेही वाटत नाही, हे ध्यानात घ्यावे. असे दार का आहे, कोणी केले, आपण दुसऱ्याच्या डोक्यात गेलो म्हणजे ‘मी’ नावाची वस्तू उरली कुठे, हे प्रश्न क्रेग एकदा पोटतिडकीने मॅक्सीनसमोर मांडतो. तिला त्यात काडीचा रस नसतो आणि पुढच्याच दृश्यांत दोघे जाहिरात देऊन मोकळे झालेले असतात. सर्वसाधारण अद्भुत विनोदी चित्रपटात नायक आधी थक्क होतो, मग सुधारतो. इथे कोणी थक्क होत नाही आणि सुधारत तर मुळीच नाही, आणि चित्रपटाचा विनोद मला तरी यातूनच निघताना दिसतो.

सरळवाट

प्रस्ताव नेटका आहे, पण त्यात एक सोयीस्कर गाळणी वापरलेली आहे. कथा सांगताना आपण डॉ. लेस्टर यांचा उल्लेखही केला नाहीत आणि उत्तरार्ध कोसळतो तो नेमका त्यांच्यापाशी.

हे लेस्टर म्हणजे कार्यालयाचे वयोवृद्ध मालक. वय एकशे पाच, आणि आपल्या दीर्घायुष्याचे श्रेय ते गाजराच्या रसाला देतात. पुढे कळते की ही इमारत ज्याने बांधली तो कॅप्टन मर्टिन म्हणजे हेच गृहस्थ. एका शरीरातून दुसऱ्या शरीरात उडी मारत ते जिवंत राहिले आहेत आणि चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाच्या मध्यरात्री माल्कोविचचे शरीर ‘पिकले’ की ते आपल्या म्हाताऱ्या मित्रमंडळींसह त्यात शिरणार आहेत. अमुक तारखेआधी शिरलात तर ठीक, नंतर शिरलात तर एका अर्भकाच्या डोक्यात कायमचे अडकाल, हा नियमही त्यांच्याच तोंडून येतो. दाराचे कारण कोणी विचारत नाही यात चित्रपटाची ताकद आहे असे आपण म्हणता. मग चित्रपट स्वतःच हे एवढे लांबलचक कारण का पुरवतो? विचित्रपणा जसाच्या तसा ठेवायचे धैर्य असते तर लेस्टरप्रकरणाची गरजच पडली नसती. मला तर असे दिसते की लेखकाला गाठ मारता आली, सोडवता येईना, म्हणून त्याने नियमांचे पुस्तक काढले.

दुसरे असे की या चित्रपटात धरून राहावे असे एकही माणूस नाही. क्रेग रडका आणि क्रूर, मॅक्सीन निव्वळ हिशेबी, लॉटी आधी दयनीय आणि नंतर हातात पिस्तूल घेऊन धावणारी. ज्याच्यावर अन्याय होतो तो माल्कोविच बिचारा घरात बसून दूरध्वनीवर टॉवेल मागवतो आहे. ज्या चित्रपटात मला कोणाचेच भले व्हावे असे वाटत नाही, तिथे शेवटी कोणाचे वाईट झाले याचे तरी मी काय करू?

मध्यंतर

सरळवाट यांच्याशी सहमत. पहिल्या ग्राहकाचे दृश्य, ज्यात एक स्थूल, दुःखी माणूस विचारतो की मला हवे ते कोणीही होता येईल का, आणि ‘जॉन माल्कोविच होता येईल’ हे उत्तर ऐकल्यावर म्हणतो की ही माझी दुसरी पसंती होती, ते दृश्य मी कधीही पाहू शकेन. त्यापुढचा चित्रपट पुन्हा पाहण्याचा उत्साह मला नाही.

कीर्तनरंग

आपल्याकडच्या वाचकाला या चित्रपटातली कल्पना मुळीच परकी वाटू नये. परकायाप्रवेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शंकराचार्यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे : मंडनमिश्रांना वादात जिंकल्यावर त्यांची पत्नी उभयभारती पुढे सरसावते आणि आचार्यांना कामशास्त्रावर प्रश्न विचारते. संन्याशाला त्याचा अनुभव नाही, म्हणून ते मुदत मागून घेतात, नुकत्याच निवर्तलेल्या अमरुक राजाच्या देहात शिरतात, आणि इकडे गुहेत त्यांचा मूळ देह शिष्य राखत बसतात. पुढे राजाच्या देहातले सुख असे लागते की स्वतःचा विसर पडू लागतो आणि शिष्यांना गायकांच्या वेषात जाऊन आठवण करून द्यावी लागते.

आता ही कथा क्रेगच्या कथेशेजारी ठेवून पाहा. तिथे प्रवेशामागे एक प्रश्न आहे, मुदत आहे, परतीची सोय आहे आणि विसर पडलाच तर हाक मारणारे कोणी आहे. इथे यातले काहीही नाही. लॉटी मॅक्सीनसाठी शिरते, क्रेग मॅक्सीनसाठी आणि कीर्तीसाठी शिरतो, लेस्टर मरणाच्या भीतीने शिरतो. चित्रपटाचा पोकळपणा मला इथे जाणवतो. एवढे मोठे साधन हाती येऊन त्यातून कोणालाही काहीही कळत नाही.

खिडकीपाशी

कीर्तनरंग, आपण दिलेले उदाहरण फार चांगले आहे, पण त्यातला सर्वांत मोठा फरक आपण ओलांडून पुढे गेलात. अमरुक राजा मेलेला होता. त्या देहाला मालक उरला नव्हता, त्यामुळे आचार्यांना कोणाला बाहेर ढकलावे लागले नाही. माल्कोविच जिवंत आहे, जागा आहे आणि आत कोणीतरी आहे हे त्याला कळते आहे. मॅक्सीनबरोबर असताना आपले तोंड आपल्या इच्छेविरुद्ध बोलते आहे, हात आपले राहिलेले नाहीत, हे जाणवल्यावर तो जो घाबरतो, तो प्रसंग विनोदी चित्रपटातला असूनही पाहताना पोटात कालवते. जिवंत माणसाच्या देहात शिरून ज्ञान मिळत नाही, फक्त ताबा मिळतो, असे हा चित्रपट म्हणतो. आपण त्याला पोकळपणा म्हणालात, पण मला वाटते की चित्रपटाला तेवढेच म्हणायचे आहे.

हेच उत्तर सरळवाट यांच्या दुसऱ्या मुद्द्यालाही लागू पडते. धरून राहावे असा माणूस नाही असे ते म्हणतात. माल्कोविच तिकीटविक्रीच्या रांगेपर्यंत येऊन पोहोचतो आणि स्वतःच त्या दारातून आत जातो, ते दृश्य त्यांनी पुन्हा पाहावे. आत एक उपाहारगृह आहे. वाढपी, गिऱ्हाइके, लहान मूल, गाणारी बाई, सगळ्यांना त्याचाच चेहरा आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, ‘माल्कोविच’. खाद्यपदार्थांच्या यादीतही तेवढा एकच शब्द छापलेला. तिथून तो महामार्गाकडेला फेकला जातो, क्रेगला ओरडून सांगतो की हे दार माझे आहे, ते बंद करा, आणि तेवढ्यात जाणाऱ्या गाडीतून कोणीतरी त्याचे नाव घेत बिअरचा डबा त्याच्या डोक्यात मारतो. मी हसतो आणि हसल्याची लाजही वाटते. या माणसाच्या बाजूने काही वाटण्यासाठी त्याने आधी सज्जनपणाचा दाखला आणायला हवा, अशी अट मला तरी घालवत नाही.

लेस्टर यांच्याबद्दल मात्र मला वेगळे उत्तर द्यावे लागेल. नवीन कर्मचाऱ्यांना या मजल्याचा इतिहास सांगणारी एक फीत दाखवतात, ज्यात कॅप्टनने आपल्या ठेंगण्या पत्नीसाठी हा मजला बांधल्याची गोड कहाणी आहे, आणि ती खोटी असल्याचे मॅक्सीन लगेच सांगून टाकते. लेस्टर यांचे स्पष्टीकरण येते ते या खोट्या कहाणीच्या जागी. गोड दंतकथेच्या आड एका धनवान माणसाने न मरण्याची तजवीज करून ठेवली होती. दोनशे डॉलरवाले पंधरा मिनिटांचे भाडेकरू आणि लेस्टर कायमचा मालक, असा हा जमिनीचा व्यवहार आहे. तो काढून टाकला असता तर चित्रपट सुटसुटीत झाला असता हे मान्य, पण मग क्रेग एकटाच खलनायक ठरला असता आणि प्रेक्षक सुखाने घरी गेला असता.

बाहुलीघर

एवढ्या चर्चेत बाहुल्यांचा विषय कोणी काढला नाही याचे मला नवल वाटते. चित्रपट सुरू होतो तोच क्रेगच्या चेहऱ्याच्या बाहुलीच्या नृत्याने. ती बाहुली आरशात स्वतःला पाहते, आरसा फोडते, सामान उधळते, कोलांट्या घेते. हे काम फिलिप ह्यूबर या व्यावसायिक बाहुलीकाराचे आहे आणि ज्याने कधी सूत्र हातात धरून पाहिले आहे त्याला कळेल की पायाचा तळवा जमिनीला टेकल्यासारखा दिसणे हीच किती मोठी गोष्ट असते. नवशिक्याची बाहुली अधांतरी लोंबते, ही चालते.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींचा कळसूत्री खेळ मी पाहिलेला आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या कलेकडे आपल्याकडे थोडेफार लक्ष तरी गेले. त्या परंपरेत बाहुलीच्या मागे उभा असणारा माणूस स्वतःला दाखवत नाही. गोष्ट रामायणातली असते आणि लोक ती पाहायला येतात. क्रेगच्या प्रत्येक बाहुलीला क्रेगचा किंवा त्याला हव्या असलेल्या बाईचा चेहरा आहे. रस्त्याच्या कडेला तो आबेलार आणि एलोईज या मध्ययुगीन फ्रेंच प्रेमिकांच्या विरहाचा खेळ करतो, समोर एक लहान मुलगी उभी आहे, बाहुल्यांचे चाळे भलत्याच थराला जातात आणि मुलीचा बाप येऊन क्रेगला ठोसा मारतो. त्याची कला अव्वल आहे, आणि तिच्यात दुसऱ्या कोणाला जागा नाही. पुढे तो माल्कोविचच्या देहात ठाण मांडतो तेव्हा मॅक्सीनसमोर नाचतो तोच नाच, पहिल्या दृश्यातला. उत्तरार्ध भरकटला असे म्हणणाऱ्यांनी ही दोन नृत्ये एकापाठोपाठ पाहावीत. दोन्हींमध्ये हालचाली त्याच आहेत, फक्त दुसऱ्या वेळी बाहुली जिवंत माणसाची आहे.

रातराणी

मला लॉटीबद्दल बोलायचे आहे, कारण सरळवाट यांनी तिला एका ओळीत निकालात काढले. पंधरा मिनिटे माल्कोविचच्या देहात राहून आलेली लॉटी ही या चित्रपटातली एकमेव व्यक्ती आहे जिला त्या प्रवासातून स्वतःबद्दल काहीतरी कळते. म्हणून ‘कोणालाही काहीही कळत नाही’ हे कीर्तनरंग यांचे विधानही मला मान्य नाही. नवऱ्याच्या सावलीत, पिंजऱ्यांनी भरलेल्या घरात राहणारी ही बाई परत येते ती आपल्याला नेमके काय हवे ते सांगत, आणि नवरा तिला हातपाय बांधून चिंपांझीच्या पिंजऱ्यात कोंडतो.

मग तो प्रसंग येतो जो अनेकांना बालिश वाटतो. इलायजा नावाच्या त्या चिंपांझीला आपले बालपण आठवते, शिकाऱ्यांनी बांधून टाकलेले आईबाप आठवतात, तेव्हा त्यांची गाठ त्याला सोडवता आली नव्हती, आणि आता तो लॉटीची गाठ सोडवतो. त्या चिंपांझींच्या संवादांना खाली उपशीर्षकेसुद्धा दिलेली आहेत! संपूर्ण चित्रपटात दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या आठवणीतून ओळखणारा जीव हा एकटा आहे, आणि त्याला त्यासाठी कोणाच्याही डोक्यात शिरावे लागत नाही.

सरळवाट

बाहुलीघर यांचा मुद्दा मी विचारात घेईन. ती दोन नृत्ये मी जोडून पाहिली नव्हती. इलायजाबद्दलही भांडत नाही. पण आता शेवटाकडे वळू, कारण आपण सगळेच त्याला बगल देत आहोत.

क्रेग माल्कोविचचा देह सोडतो, पश्चात्ताप होऊन पुन्हा दारात शिरतो, तोवर उशीर झालेला असतो आणि तो मॅक्सीनच्या मुलीच्या, एमिलीच्या, डोक्यात अडकतो. मॅक्सीन आणि लॉटी आता एकत्र सुखाने राहत आहेत, आणि क्रेगला मुलीच्या डोळ्यांनी ते पाहत राहावे लागते. नजर वळवावी म्हटले तरी ती वळवणे त्याच्या हातात नाही. बहुतेक समीक्षक याला काव्यात्म न्याय म्हणतात. न्याय कोणाला मिळाला? एमिलीने काय केले होते? आपल्या डोक्यात आईवर डोळा ठेवून बसलेला एक परका पुरुष आहे हे त्या सात वर्षांच्या मुलीला ठाऊकही नाही. त्यावर कळस म्हणजे लेस्टर आता माल्कोविचच्या देहातून मित्राला तिची छायाचित्रे दाखवत सांगतो आहे की पुढचे शरीर हिचे. खिडकीपाशी यांनी माल्कोविचच्या भीतीबद्दल जे लिहिले ते मला पटते, आणि ते पटते म्हणूनच विचारतो : प्रौढ माणसावरच्या या अत्याचाराची ज्या चित्रपटाला इतकी जाण होती, त्याने तोच अत्याचार एका मुलीवर घडवताना इतके हलके, निळ्या पाण्यातल्या पोहण्याचे, प्रसन्न दृश्य का निवडावे?

खिडकीपाशी

कारण ते दृश्य क्रेगच्या नजरेतून आहे आणि मुलगी खरोखरच आनंदात आहे. तिला अजून काही कळलेले नाही. प्रसन्नता खोटी नाही, अपुरी आहे. दिग्दर्शकाने तिथे भीतीचे संगीत लावले असते तर एमिलीला काहीच फायदा झाला नसता, फक्त आपल्याला बरे वाटले असते.

सरळवाट

आपल्याला बरे वाटू नये म्हणून एका मुलीला ओलीस ठेवायचे, हा युक्तिवाद मला लेस्टरच्या युक्तिवादाइतकाच थंड वाटतो. चित्रपट हुशार आहे हे मी पहिल्या प्रतिसादापासून नाकारलेले नाही. चव्वेचाळीस वर्षांची झाल्यावर एमिलीचे काय होणार, या प्रश्नाचे उत्तर त्याला ठाऊक आहे आणि ते त्याला गमतीचे वाटते, एवढीच माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेत नाही.