उन्हाळी भटकंती: तुमचे अनुभव सांगा

एप्रिल-मे महिन्यात सह्याद्रीत जाऊ नये म्हणणारे पुष्कळ, तरी जाणारे जातातच. तेव्हा उपदेश बाजूला ठेवून, प्रत्यक्ष काय झालं आणि कशाने निभावलं ते लिहा. सुरुवात मी करतो.

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, म्हणजे कोकणकड्याजवळच्या अरुंद घळीतून वर चढणारी. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळभर नळीत सावली असते. दुपारनंतर मात्र कातळ असा तापतो की हात टेकवत नाही. आम्ही पायथ्याच्या बेलपाड्यातून अंधारातच निघालो, माणशी पाच लिटर पाणी घेऊन. पाठ दुखली, पण मे महिन्यात नळीत पाण्याचा भरवसा नाही.

—

आमच्यातली एक मुलगी चालता चालता असंबद्ध बोलायला लागली. घाम येत होता, म्हणून कुणाला गांभीर्य वाटेना. पण उष्माघातात घाम थांबतोच असं नाही. बडबड, तोल जाणं ही खरी खूण. सावलीत आडवं केलं, होतं नव्हतं ते पाणी अंगावर ओतलं आणि ओढणीने वारा घालत राहिलो. शुद्ध नीट नव्हती, म्हणून तोंडात थेंबही घातला नाही. रेंज नव्हती, एक जण टेपाडावर पळाला, तिथून ११२ लागला.

—

मी अ‍ॅरिझोनात असते. ग्रँड कॅन्यन म्हणजे उलटा डोंगर: आधी उतार, दमल्यावर चढ. तळाशी वरच्यापेक्षा दहा-अकरा अंश जास्त तापतं. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ चालू नका, असं रेंजर बजावतात. आमच्या एका पाहुण्याने नुसतं पाणी ढोसलं, खाल्लं काहीच नाही. मळमळ, डोकेदुखी सुरू झाली. घाम गाळून वर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं. तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये खारे शेंगदाणे आणि ओआरएस असतंच.

—

कड्याला आग्यामोहोळ असेल तर अत्तर नको, धूर नको. आमचा वाटाड्या उदबत्तीसुद्धा लावू देत नाही. वाळक्या गवतात चूल तर नाहीच; वणवा वाऱ्यासारखा वर चढतो.

—

कोकणात उघड्यावर झोपता? सकाळी बूट झटका, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. फुरसं हा विषारी साप एवढासा असतो, पाचोळ्यात दिसत नाही.

—

गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी आहे का, हे कुणाला विचारता? नेटवरची माहिती बहुतेक डिसेंबरची निघते.

—

पायथ्याच्या गुराख्याला. आणि पिण्याचं टाकं कोणतं, तेही त्यालाच.