खेळताना डोकं मधे येतं का तुमचं? (अनुभव धागा)

काल बॅडमिंटन कोर्टवर एक नवीन मुलगी 19-20 ला सर्व्हिस करायला उभी राहिली ती उभीच. शटल चिमटीत, हात पुढे येईचना. पार्टनर म्हणतोय अगं टाक, ही टाकेना. मला माझी पंचविशी आठवली. सरावात शॉर्ट सर्व्हिस जाळीला चाटून जायची आणि मॅचमध्ये 18 च्या पुढे गेलं की मनगटाचं लाकूड. तेव्हा नुकतंच 21 चं स्कोअरिंग आलं होतं (2006). आधीच्या 15 च्या गेममध्ये सर्व्हिस चुकली तर नुसती सर्व्हिस जायची, आता समोरच्याला थेट पॉइंट! माझी भीती तिथूनच सुरू झाली असं मला वाटतं. मग एका काकांनी सांगितलं, स्कोअर मोठ्याने बोल, श्वास सोड आणि मग मार. निम्मी भीती गेली, निम्मी आहेच. तुमचं सांगा, कुठलाही खेळ चालेल.

रिकामटेकडी :
कॅरम चालेल ना? राणी मस्त जाते आणि कव्हर पॉकेटच्या तोंडावर असूनही राहतं, की राणी परत मध्यात. चाळीत गणपतीच्या स्पर्धेला मागे दहा जण "गेलं गेलं" करत उभे. आता आधी कव्हर ठरवते, नसेल तर राणीला हातच नाही लावत. बाकी नंतर, कुकर झाला.

फोरहँड फाटका :
मन बिन काही नसतं हो, सर्व्हिसची प्रॅक्टिस कमी. रोज गेम खेळायला सगळे हजर, कोपऱ्यात उभं राहून नुसत्या सर्व्हिस मारायला कोणी नाही.

धागाकर्ता :
@फाटका अहो सरावात जायची म्हणून तर लिहिलं ना वर

टीटीवाली :
आमच्याकडे टेबल टेनिसमध्ये 2001 ला गेम 21 चे 11 पॉइंटचे केले तेव्हा हेच. पहिले तीन पॉइंट गेले की मी मनातल्या मनात हरून मोकळी. आता प्रत्येक पॉइंटनंतर बॉल टेबलावर टप टप आपटते, समोरचा वैतागतो तो बोनस 😄

घाटपांडू :
सातारा हिल हाफ मॅरेथॉन. यवतेश्वरचा घाट. पहिला अर्धा चढ, तिथे डोकं म्हणतं बस खाली. मी घड्याळ शर्टाच्या बाहीखाली घातलं आणि फक्त पुढचं वळण बघायचं ठरवलं, ते आलं की त्याच्या पुढचं, मधे एक आजोबा मला मागे टाकून गेले, तेही गप्पा मारत, मग काय डोकं आपोआप गप्प बसलं.

नुसताच वाचक :
आजोबा 😂😂

रिकामटेकडी :
आले परत. धागाकर्ते, त्या मुलीचं काय झालं शेवटी?

धागाकर्ता :
टाकली सर्व्हिस, जाळीत. गेम गेला. पण लगेच म्हणाली अजून एक खेळूया, ते आवडलं आपल्याला.

चहाबाज :
विषयांतर, पण नायलॉन शटल घ्यावं की पिसाचं? आमच्या हॉलमध्ये पिसाची एका संध्याकाळीत फुटतात, परवडत नाही.

फोरहँड फाटका :
रोजच्याला नायलॉन. पण नंतर पिसाचं हातात आलं की सगळं टायमिंग बोंबलतं, हेही मनावर घेऊ नका, शटलचा दोष आहे.

टीटीवाली :
@घाटपांडू उताराला गुडघ्याचं काय केलंत? मी विचार करतेय यंदा.

घाटपांडू :
छोटी पावलं टाकायची, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जिना उलटा उतरलो.